पाणी-स्वच्छतेचा कार्यक्रम झाला. गावाला फायदा झाला की नाही, हे ठरवायचं कसं?

बोरीकाठ

राम राम मंडळी. जळगाव जिल्ह्यात पारोळा-अमळनेर पट्ट्यातल्या काही गावांत एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीतून पाणी-स्वच्छतेचा कार्यक्रम झाला. नळजोडण्या, एका ठिकाणी उंच टाकी, बंद पडलेल्या शौचालयांची दुरुस्ती, शाळेत हात धुवायचे नळ, बचतगटांना प्रशिक्षण, भिंतीवर घोषणा. मार्चअखेर निधी संपला. राबवणारी संस्था (नाव घेत नाही, माणसं भली आहेत) आता मूल्यमापन करणार आहे, आणि मी त्याच भागातला म्हणून सुट्टीच्या दिवशी मदत करतो असं कबूल करून बसलोय.

त्यांची प्रश्नावली हातात आली. पहिलाच प्रश्न: "कार्यक्रमामुळे आपल्या कुटुंबाच्या जीवनमानात सुधारणा झाली असे आपणास वाटते का? होय / नाही / सांगता येत नाही." आता सांगा, आपल्याकडे दारात आलेल्या पाहुण्याला कोण "नाही" म्हणणार? खाट टाकतील, चहा ठेवतील आणि म्हणतील, "चांगलं झालं भाऊ, अजून एखादी टाकी आली तर बघा." ९० टक्के होय येणार, त्याचा गोल तक्ता निघणार, अहवालाच्या मुखपृष्ठावर हंडा घेतलेली बाई छापणार.

माझ्या मते हे प्रमाणपत्र गोळा करणं झालं. पण त्याऐवजी काय मोजायचं, कधी मोजायचं, कोणाला विचारायचं? हाताशी एक जीप आणि मोजके सर्वेक्षक. संस्थेला सर्वेक्षण जूनच्या शेवटी करायचंय. कोणी हे काम केलं असेल, किंवा कोणाच्या गावात असा सर्वे झाला असेल, तर सांगा.

बिनपाण्याचा

नळ शे, तोटी शे, फोटो बी शे. पानी तेवढं नई. 😄 सर्वे कराले या भो, पन येताना आपलं पानी संगे लई या.

पाइपलाइन अण्णा

नोकरीभर ग्रामीण पाणीपुरवठ्याचंच काम केलं, आता निवृत्त. तुमचा पहिला गोंधळ तारखेचा आहे. जूनच्या शेवटी पाऊस पडलेला असतो, विहिरीत पाणी उतरलेलं असतं, वीज जरा सुधारलेली असते. तेव्हा कोणतीही योजना पास होते. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात जा. उद्भव (पाणी जिथून उचलतात ती विहीर, बोअर) आटला की टिकला, हे तेव्हाच कळतं.

जाताना दहा लिटरची बादली आणि मोबाईलमधलं घड्याळ घ्या. पाणी सुटल्यावर टाकीजवळच्या पहिल्या घरी बादली भरायला किती वेळ लागतो ते बघा, मग लाइनीच्या शेवटच्या घरी बघा. जल जीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटर आहे. हा निकष शेवटच्या तोटीला लावायचा असतो. टाकीच्या क्षमतेला लोकसंख्येने भागून ५५ काढणारे साहेब मी पुष्कळ पाहिलेत.

आणि वरच्या आळीत किती घरांनी नळाला पाणी ओढून घ्यायला टिल्लू पंप लावलेत ते मोजा. ते मोजलं की खालच्या आळीला पाणी का नाही, हे वेगळं विचारावं लागणार नाही.

तिसरी गोष्ट, ग्रामपंचायतीत बसून दोन कागद मागा: पंपाचं वीजबिल आणि पाणीपट्टी वसुलीचं रजिस्टर. बिल थकलंय का, पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार किती महिने राहिलाय, मोटार शेवटची कधी जळली आणि भरायला पैसे कुठून आणले. योजना पाइप फुटून मरत नाहीत, बिलाने मरतात. हे दोन कागद बघितले की ती पाच वर्षांनी चालू असेल का, याचा बराच अंदाज येतो.

मेहरुणची बोरं

अण्णांशी सहमत, फक्त एक भर. आखाजी (अक्षय्य तृतीया) मे मध्ये आली तर तोच आठवडा निवडा. 😀 गंमत नाही करत. लेकी माहेरी येतात, नातवंडं येतात, घरात माणसं दुप्पट आणि पाणी तेवढंच. घागर भरायची ती त्याच पाण्यातून. माणशी ५५ लिटरचा हिशोब तेव्हा लावून दाखवा.

पारोळ्याची सून

सगळे लिटर मोजताय. मी नळाच्या या टोकाला राहते म्हणून लिहिते.

आमच्याकडे सर्वेवाले आले तेव्हा ओट्यावर सासरे बसले होते, सगळी उत्तरं त्यांनी दिली. "पाणी दारात आलं, बायांचा त्रास वाचला." खरंच आलं, त्यात खोटं नाही. पूर्वी विहिरीवर जावं लागायचं. पण आता ते आठवड्यातून एकदा येतं आणि कधी रात्री दोनला येतं. त्या रात्री झोपत कोण नाही? सासरे झोपतात. ड्रम, टाक्या, घमेली, पातेली, सगळं भरून घ्यायचं, आणि सकाळी नेहमीप्रमाणे डबे, भाकरी, शेत.

प्रश्नावलीत "पाणी आणायला किती मिनिटं लागतात" असा रकाना असतो. आमचं उत्तर शून्य. मग झाली की सुधारणा! जागरणाचा रकाना नसतो, आठ दिवसांचं पाणी साठवण्याचा नसतो, त्या साठ्याला झाकण आहे का याचाही नसतो.

विचारायचंच असेल तर बाईला विचारा, बाई सर्वेक्षक पाठवा आणि घरातली पुरुषमाणसं समोर नसताना विचारा. आणि एक करून बघा. ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी शाळेतल्या सातवी-आठवीच्या मुलींची हजेरी आणि इतर दिवसांची हजेरी शेजारी शेजारी ठेवा. जेवढा फरक, तेवढं तुमच्या योजनेचं काम बाकी.

बोरीकाठ

ताई, हे जबरदस्त आहे. हजेरीचा मुद्दा आमच्या कोणाच्या डोक्यात आला नव्हता. घेतो.

अक्राणी मास्तर

कल्पना उत्तम, फक्त हजेरीपटावर विसंबू नका. मी शिक्षक आहे. हजेरीपट पोषण आहाराच्या आकड्यांशी जुळवून लिहिलेला असतो, एवढंच बोलतो. वर्गात जाऊन डोकी मोजा.

दुसरं, शाळेतल्या शौचालयाची चावी कोणाकडे आहे ते विचारा. "मुलींसाठी स्वतंत्र शौचालय: आहे" असं सगळीकडे लिहिलेलं सापडेल. कुलूप असतं. चावी मुख्याध्यापकांच्या टेबलात. तेराव्या वर्षीची मुलगी चावी मागायला पुरुष शिक्षकांकडे जाईल का? आमच्याकडे पाडे दूरदूर, एका गावाचे आठ-दहा पाडे, आणि गावाचं नाव "हर घर जल" यादीत एकदाच येतं. पाड्यावर सौर पंप आणि पाच हजार लिटरची टाकी बसवतात; त्याच बोअरवर हातपंपही ठेवतात. मला विचाराल तर डोंगरात चाललेली ही सर्वांत शहाणी योजना. ढगाळ दिवशी मोटार नाही चालली तर हात आहेत. पण पॅनलवर दगड पडला, वायर गेली, की दुरुस्तीला माणूस धडगाव सोडून वर येईल याची खात्री नाही. म्हणून गाव हे एकक धरू नका, पाडा धरा. तुमच्याकडे पाडे नसतील, वस्त्या असतीलच.

तापीथडी

हे सगळं ठीक, पण मला मुळातच एक शंका आहे. मूल्यमापनावर जो पैसा घालणार त्यात अजून दोन गल्ल्यांत पाइप पडला असता. गावाला विचारा, अहवाल पाहिजे की पाइप? अहवाल इंग्रजीत, मुंबईत कपाटात. गावाने तो कधी पाहिलाय?

आकडेमोड

तापीथडी, गावाने अहवाल पाहायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण मोजल्याचा उपयोग नाही म्हणता, तर आपल्याच राज्यातलं उदाहरण देतो. साठ-सत्तरच्या दशकात दुष्काळात बोअर मारायची यंत्रं आली, युनिसेफची मदत आली, हातपंप बसले. ते पंप ओतीव लोखंडाचे, एका घराने वापरावेत अशा घडणीचे, आणि लागले पूर्ण गावाला. काही वर्षांनी मोजदाद केली तर बहुतांश बंद! त्याच सुमारास जालन्यात ख्रिस्ती मिशनच्या लोकांच्या हातून आणि पुढे सोलापुरात मजबूत पंप तयार झाला होता, त्यावरून इंडिया मार्क टू हातपंप उभा राहिला. आज तुमच्या गावच्या वेशीवर जो आहे तो. "किती बसवले" एवढंच मोजत राहिले असते तर जुनेच पंप अजून लाखभर बसवले असते.

आता मूळ प्रश्नाबद्दल. "फायदा झाला का" यात दोन प्रश्न आहेत. बदल झाला का, आणि तो *कार्यक्रमामुळे* झाला का. त्याच काळात जल जीवन मिशन चालू होतं, शौचालयासाठी स्वच्छ भारतचे १२ हजार मिळत होते, पाऊस चांगला झाला, कापसाला भाव आला. तुम्ही फक्त कार्यक्रमाची गावं बघाल तर या सगळ्याचं श्रेय कंपनीला जाईल. म्हणून शेजारची, कार्यक्रम न झालेली, पण मातीने-पाण्याने तशीच असलेली गावं बघणं भाग आहे.

आणि आरोग्याच्या आकड्यांपासून जपून. ओडिशात १०० गावांत, कोणत्या गावाला कार्यक्रम द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवून, अभ्यास झाला, २०१४ साली छापून आला. निम्म्या गावांत शौचालयं वाढवली. शौचालय असलेली घरं ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेली. लहान मुलांच्या जुलाबात फरक? काही नाही. त्याच वर्षी मध्य प्रदेशातल्या ८० गावांचा अभ्यास आला, त्यात आपल्या सातपुड्यापलीकडचा खरगोनही होता. तिथेही आरोग्यात फरक दिसला नाही. अशाच अभ्यासांत बांगलादेशात जुलाब कमी झाले, केनियात नाही झाले. नुसत्या पाणी-स्वच्छतेने मुलांची वाढ दोन्हीकडे सुधारली नाही.

कळण्याची भाकर

म्हणजे संडास बांधून उपयोग नाही? हे वाचून आमचे सरपंच खूश होतील.

आकडेमोड

नाही हो, तसं नाही. ओडिशात बांधलेल्यांपैकी पुष्कळ वापरात नव्हते. आणि निम्मं गाव वापरतं, निम्मं बाहेर जातं, तोवर माशी घर बघून बसत नाही. उलट आपल्याच राज्यात, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात झालेल्या स्वच्छतेच्या प्रयोगात मुलांची उंची वयाच्या मानाने सुधारल्याचं आढळलं.

त्या प्रयोगाची गंमत सांगतो, खान्देशासाठी खास. तो मुळात तीन जिल्ह्यांत व्हायचा होता: अहमदनगर, नांदेड आणि आपलं नंदुरबार. मोजणी तिन्ही ठिकाणी झाली. कार्यक्रम प्रत्यक्षात झाला फक्त नगरला. नंदुरबारची पोरं नुसतीच मोजून ठेवली.

बिनपाण्याचा

आमनं नशीबच तसं शे. मोजाले समदा येतस.

अक्राणी मास्तर

😂 हे शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवतो.

आशाताईचा पोरगा

आई आशा आहे, म्हणून जुलाबाच्या आकड्यांचं आतलं सांगतो. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रजिस्टरवर जाऊ नका. लोक गावातल्या खाजगी डॉक्टरकडे जातात, सलाईन लावून घेतात, त्याची नोंद कुठेच नाही. उलट कार्यक्रमात जनजागृती झाली की लोक केंद्रात जास्त यायला लागतात आणि रजिस्टरवर जुलाब वाढलेले दिसतात! आईने एकदा चांगलं काम केलं तर तिच्या गावाचे आकडे तालुक्यात सर्वांत वाईट आले आणि मीटिंगमध्ये बोलणी तिलाच बसली.

घरोघरी विचारायचं तर "गेल्या सात दिवसांत" एवढंच विचारा, त्यामागचं कोणाला आठवत नाही. आणि सुरुवातीची मोजणी पावसाळ्यात आणि शेवटची उन्हाळ्यात केली की जुलाब आपोआप कमी झालेले दिसतात. बोरीकाठ, तुमच्या संस्थेची पहिली मोजणी कोणत्या महिन्यातली आहे ते आधी बघा.

पाण्याचं म्हणाल तर जलसुरक्षक टाकीजवळच्या नळावर ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची) घेतो. पिवळा रंग आला, झालं. शेवटच्या नळाला घ्या, तिथे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला पाहिजे. मग घरातल्या पिण्याच्या माठातलं घ्या, वगराळ्याने काढतात की हात बुडवून तेही बघा. वर ताईंनी सांगितलं तसं आठ दिवस साठवलेलं पाणी असेल, तर नळाचं पाणी कितीही शुद्ध असलं तरी पोटात जातं ते ड्रममधलं. आणि ड्रममध्ये डेंग्यूचे डास, ते वेगळंच.

बोरीकाठ

बघितलं. पहिली मोजणी ऑगस्टमधली आहे. 🤦 म्हणजे अण्णा म्हणतात तसं मे मध्ये गेलो तर पाणी टिकलं का ते कळेल, पण जुलाबाची तुलना फसवी होणार. जूनअखेर गेलो तर धड हेही नाही आणि तेही नाही.

पाइपलाइन अण्णा

मग दोनदा जा. मे मध्ये पाणी, ऑगस्टमध्ये आरोग्य. पैसे नसतील तर आरोग्य सोडून द्या. तुमच्या एवढ्याशा गावांत जुलाबातला फरक सिद्ध होण्याइतकी मुलंच नाहीत. जे मोजता येत नाही ते मोजल्याचं नाटक करण्यापेक्षा पाणी नीट मोजा.

सर्वेवाला

मी पोटासाठी हेच करतो. रोजंदारीवर टॅब घेऊन फिरणारा माणूस. सर्व अहवालांची पायाभरणी आमच्यावर, म्हणून पायाखालचं सांगतो.

एक. घरं निवडायची यादी कुठून आणता? ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरून, म्हणजे घरपट्टीच्या यादीवरून. त्यात अतिक्रमणातली घरं बहुतेक वेळा नसतात. गायरानावरची वस्ती, गावाबाहेरची झोपडी, म्हणजे नेमकं जिथे पाणी-संडास नाही तेच यादीबाहेर. स्वतः गावाभोवती एक फेरी मारून घरं मोजा, मग निवडा.

दोन. कुलूप. चाळीसगाव, पारोळा, साक्री, नवापूर, कुठेही जा, दिवाळीनंतर ऊसतोडीला माणसं गेलेली असतात. घराला कुलूप दिसलं की आम्हाला सूचना असते, "शेजारचं घर घ्या." शेजारचं घर म्हणजे ज्याला शेत आहे, जो गावात थांबू शकतो. अशा रीतीने सगळ्यात गरीब माणूस अहवालातून निघून जातो आणि आकडे गोड होतात. मे मध्ये गेलात तर ती माणसं परतलेली असतील, अण्णांच्या बाजूने हा अजून एक मुद्दा.

तीन. सरपंच किंवा संस्थेचा कार्यकर्ता सोबत चालायला लागला की चहा घ्या, आभार माना आणि त्याला पारावर बसवून पुढे जा. तो ठरलेल्या आठ घरांत नेतो. त्या आठ घरच्या बायांना आता आमच्यापेक्षा जास्त उत्तरं पाठ आहेत.

चार. हात धुण्याबद्दल विचारू नका, बघा. "साबणाने हात धुता का" म्हटलं की १०० टक्के हो. त्याऐवजी "जरा हात धुवायला जागा दाखवता का" म्हणा. साबण ओला आहे का, कोरडा आहे का, की आतून शोधून आणायला लागला. शौचालयातही तसंच. पॅनमध्ये पाण्याचा थर आहे का, बादली आहे का, जाळी-जळमटं आहेत का. काळ्या मातीच्या गावात शोषखड्डा पावसाळ्यात भरून येतो, पाणी मुरत नाही, आणि मग लोक ते वापरणं सोडतात. म्हणून "पावसाळ्यात कुठे जाता" हा प्रश्न वेगळा टाका.

आणि "घरात शौचालय वापरता का" असं एका दमात विचारू नका. घरातल्या एकेका माणसाचं नाव घेऊन विचारा: बाबा काल कुठे गेले, आजी कुठे गेली, मोठा मुलगा कुठे. उत्तर प्रदेश, बिहारकडे २०१४ मध्ये असं माणसागणिक विचारलं तर चालू संडास असलेल्या ४० टक्क्यांहून जास्त घरांत कोणी ना कोणी बाहेर जाणारं निघालं.

कळण्याची भाकर

आमच्या गावी एका शौचालयात कापूस भरलेला पाहिलाय. छतापर्यंत. मालक म्हणाला, भाव दहा हजारावर गेला की रिकामं करतो. म्हणजे भाव पडल्यामुळे गावाची हागणदारीमुक्ती लांबली. हे कोणत्या रकान्यात भरायचं?

मेहरुणची बोरं

"इतर (नमूद करा)".

कळण्याची भाकर

आणि त्या गुड मॉर्निंग पथकाच्या वेळी टमरेल जप्त व्हायचे, आठवतं का? लोकांनी बिसलेरीच्या बाटल्या न्यायला सुरुवात केली. हातात बाटली म्हणजे माणूस फिरायला निघालाय.

केळीवाला

रावेरकडचा आहे. तुमची चर्चा नळापासून सुरू होते आणि माठात संपते. पाणी येतं कुठून, यावर कोणी बोलत नाही. आमचे रावेर-यावल भूजलाच्या अतिउपशाचे तालुके म्हणून वर्षानुवर्षं यादीत आहेत. गावाची पिण्याची बोअर २५० फूट, शेजारच्या केळीच्या बागेची त्याच्या दुप्पट-तिप्पट. पाणीपुरवठा योजनेचं मूल्यमापन करा, सगळं उत्तम निघेल. तीन वर्षांनी बोअर कोरडी. मी स्वतः बागायतदार आहे, दुसऱ्याकडे बोट दाखवत नाही. ठिबक आमच्याकडे सगळ्यांकडे आहे, पण वाचलेल्या पाण्यावर अजून एक एकर लावतो.

राज्याच्या १९९३ च्या भूजल कायद्यातच होतं, सार्वजनिक पिण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको. तुमच्या सर्वेक्षकांना सांगा, उद्भवापासून ५०० मीटर चालून बोअर मोजा. तो एक आकडा अहवालात टाका. बघू कंपनी छापते का.

पाइपलाइन अण्णा

केळीवाले, शंभर टक्के. हा मुद्दा मी लिहायला हवा होता, तुम्ही लिहिलात.

पूर्णाकाठ

जरा विषयांतर. बोदवड-मुक्ताईनगरकडे आजही पाण्याच्या योजनेला लोक "ओडीए" म्हणतात. "ओडीएचं पाणी आलं का?" नव्वदच्या दशकात ब्रिटिश सरकारच्या परदेशी मदत विभागाने नाशिक, धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत ग्रामीण पाणी-स्वच्छतेसाठी पैसा दिला होता, त्यातली ही. तेव्हा नंदुरबार धुळ्यातच होतं. तो विभाग १९९७ मध्ये नाव बदलून वेगळं खातं झाला, २०२० मध्ये तेही परराष्ट्र खात्यात विलीन झालं. लंडनमधलं कार्यालय दोनदा बदललं. आमच्याकडे चावीवाला अजून ओडीएची लाइन सोडतो.

मला हे म्हणायचंय की मदत देणाऱ्याचा कार्यक्रम तीन-पाच वर्षांचा असतो आणि गावाची तहान कायमची. मार्चला निधी संपला, मे मध्ये मूल्यमापन, यातून कळणार काय? सगळं नवंकोरं असतं. पंधरा-वीस वर्षांनी परत येऊन बघणारा एकही देणगीदार मला माहीत नाही. आमच्या भागात मोठी योजना होती, अडीच-तीन दशकं जिवंत राहिली, त्यात काय बरोबर होतं आणि काय चुकलं हे समजून घेतलं असतं तर पुढच्या कित्येक योजनांना उपयोग झाला असता. जुन्या योजनांचे सांगाडे बघा बोरीकाठ. तुमच्या गावांत आधीच्या स्वजलधारेची, त्याआधीच्या कुठल्या योजनेची टाकी उभी असेलच. ती का बंद पडली ते विचारा. नव्या योजनेत तेच कारण परत आहे का ते तपासा.

तापीथडी

पूर्णाकाठ, हे मात्र पटलं. आमच्या गावात तीन टाक्या आहेत, तीन काळातल्या. पाणी एकीत येतं. बाकी दोन निवडणुकीच्या जाहिरातीला.

आकडेमोड

आणि हे फक्त आपल्या गावांचं नाही. केंद्राच्या महालेखापरीक्षकांनी २०१८ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण पेयजल कार्यक्रमाचा २०१२ ते २०१७ चा हिशोब तपासला. २०१७ पर्यंत ३५ टक्के ग्रामीण घरांत नळ द्यायचे ठरले होते, मिळाले १६.८ टक्क्यांना. तेव्हाही जिल्ह्याजिल्ह्यांतून प्रगती अहवाल गुळगुळीतच जात होते.

बोरीकाठ

सगळ्यांचे आभार. संस्थेशी बोललो. जे ठरलं आणि जे अडलं ते सांगतो.

मे मध्ये जायला तयार झाले. जुलाबाचा भाग काढून टाकला. संचालकबाई म्हणाल्या, "देणगीदाराला आरोग्याचा एक तरी आकडा लागतो," त्यावर अजून वाद चालू आहे. "सुधारणा झाली असे वाटते का" हा प्रश्न शेवटी ढकलला, काढायला नाही म्हणाले. बादली-घड्याळ, शेवटच्या नळाला आणि माठाला ओटी, वीजबिल, वसुली रजिस्टर, ५०० मीटरमधल्या बोअर, बंद टाकीची चौकशी, हे सगळं आलं. सर्वेक्षकांत निम्म्या बाया. घरांची यादी फेरी मारून करायची, कुलूप असेल तर दोनदा परत जायचं आणि तरीही बंद असेल तर "बंद" म्हणूनच लिहायचं, शेजारी जायचं नाही. शाळा मे मध्ये बंद, म्हणून पाण्याच्या दिवशीची मुलींची हजेरी जुलैत मोजायची, डोकी मोजून.

अडलं ते शेजारच्या गावांवर. संस्थेचं म्हणणं, "जिथे आम्ही काही दिलं नाही तिथल्या लोकांना तासभर प्रश्न विचारून काय तोंड दाखवायचं?" मला हे अगदीच चुकीचं वाटत नाही.

पारोळ्याची सून

चुकीचं नाहीच. नंदुरबारचं वर वाचलंत ना. मोजून जाऊ नका, काहीतरी द्या. निदान त्यांच्या पाण्याची तपासणी करून निकाल चावडीवर लावा. पाणी खराब निघालं तर ते कळणंसुद्धा देण्यासारखंच आहे, आणि मग त्या गावच्या बायाच ग्रामसभेत उभ्या राहतील.

सर्वेवाला

शेजारच्या गावांत प्रश्न कमी ठेवा. तासभर नको. घरटी वीस मिनिटांत जेवढं होईल तेवढंच. आणि आम्हा पोरांना मे मध्ये दुपारी बाराच्या आत सोडा. ४५ अंशात टॅबही बंद पडतो आणि मग घरं झाडाखाली बसून भरली जातात. हेही मूल्यमापनात धरा.

बिनपाण्याचा

बाराले सोडा, पन पगार पाचलोंगना द्या.

आकडेमोड

शेजारची गावं निवडताना धरणगावकडची घेऊ नका, तिकडे गिरणेचा परिसर, पाण्याची परिस्थिती वेगळी. बोरी खोऱ्यातलीच घ्या, पण तामसवाडी धरणाच्या खाली लागून असलेली नकोत, तिथे विहिरींना पाझर असतो. त्याच मातीची, साधारण तेवढ्याच घरांची, रस्त्यापासून तेवढीच आत असलेली हवीत. गावांची यादी आणि घरसंख्या पाठवलीस तर चिठ्ठ्या टाकून जोड्या लावून देतो.

बोरीकाठ

यादी रविवारी पाठवतो. एका गावाची घरसंख्या ग्रामपंचायतीत एक आहे, अंगणवाडीत दुसरी. आधी ती मोजून येतो.